वय झाले हो त्याचे!

आमच्या कुत्र्याचे नाव काळू. पावसात भिजलेले पिल्लू होऊन तो आमच्या फाटकाखालून आत शिरला, तेव्हा हे नाव त्याला अगदी शोभत होते; अंगावर पांढरा केस म्हणून नव्हता. पुढे अकरा-बारा वर्षांनी पाहुणेमंडळी हसून विचारू लागली, “अहो, नाव काळू आणि तोंड असे पिठात बुडवल्यासारखे पांढरे कसे?” त्यावर आम्हा सर्वांचे एक ठरलेले उत्तर असे : “वय झाले हो त्याचे!”

मोठे सोयीचे उत्तर! काळू गच्चीच्या जिन्याशी थबकू लागला, वय झाले. हाक मारली तरी मान वळवीना, वय झाले. दारावर पोस्टमन आला तरी कूलरपुढे पसरलेलाच. वय झाले, दुसरे काय? घरात आजीचे गुडघे दुखतात, मला चष्म्याशिवाय वर्तमानपत्र दिसत नाही, तसेच हे. पण या दोन शब्दांच्या गाठोड्यात आम्ही अशी एक गोष्ट बांधून ठेवली, की तिच्यापायी दोन महिने फुकट गेले. आणि त्याची किंमत आम्ही नाही, काळूने मोजली. ज्यांच्या घरी असाच एखादा पांढऱ्या तोंडाचा सोबती खाटेखाली झोपलेला असेल, त्यांच्यासाठी ही हकीकत सांगतो.

वैशाखातली तहान

आमचे घर चंद्रपुरात, मूल रस्त्याच्या अंगाला, वस्तीच्या टोकाशी. चंद्रपूरचा उन्हाळा ज्याने काढला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. पारा ४५-४६ अंशांवर चढला, तरी इकडचा माणूस ‘आज जरा ऊन आहे’ एवढेच म्हणतो. दुपारी रस्ते ओस, खिडक्यांना वाळ्याचे कूलर, आणि घरात माठावर माठ रिकामे. अशा दिवसांत काळूचे पाण्याचे जर्मनचे भांडे आम्ही दोनदा भरत होतो, ते चारदा भरू लागलो, तर त्यात कोणाला काय नवल वाटणार? आम्हीही कुठे कमी पीत होतो!

मग तो रात्री उठवू लागला. एकदा बारा वाजता, पुन्हा तीन वाजता दाराशी नखे खरवडायची. बाहेर सोडले की लघवी करून मुकाट्याने परत. बारा वर्षांत ज्याने घरात कधी घाण केली नाही, त्याच्याकडून एके रात्री ओसरीवर लघवी झाली. सकाळी मी ओरडलो, तेव्हा तो मान खाली घालून भिंतीशी उभा राहिला. आणि मग मला जो शहाणपणा सुचला तो सांगायला आजही लाज वाटते. रात्री पाणी प्यायला नाही तर लघवीही होणार नाही, असा हिशेब करून मी दोन रात्री त्याचे भांडे उचलून ठेवले.

मृग लागला. पाऊस पडला, कूलर बंद झाले, घरातले माठ दिवसभर पुरू लागले. काळूचे भांडे मात्र पूर्वीसारखेच चारदा रिकामे. एके संध्याकाळी सौभाग्यवती तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “उन्हाळा तर संपला. मग हा अजून एवढे पाणी कशाला पितो?”

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. दुसऱ्या दिवशी आम्ही भांड्यात मापून पाणी ओतले. चोवीस तासांत काळू सव्वादोन लिटर पाणी प्यायला. त्याचे वजन १८ किलो. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितो. ऊन, धावपळ आणि कोरडे खाणे यांनी त्यात वाढ होते. पण किलोमागे १०० मिलिलिटरच्या वर आकडा गेला, की काही तरी बिघडले आहे असे पशुवैद्य समजतात. काळूचा आकडा १२५ होता. रक्त आणि लघवी तपासली. मूत्रपिंडे थकली होती.

डॉक्टरांनी समजावले ते असे. शरीराला हवे असलेले पाणी गाळून परत घेणे हे मूत्रपिंडाचे एक मोठे काम. ते जमेनासे झाले, की लघवी पातळ आणि पुष्कळ होते आणि गेलेले पाणी भरून काढण्यासाठी जनावर अधिक पिते. म्हणजे गळती आधी, तहान मागून. ही गळती मूत्रपिंडांची सुमारे दोनतृतीयांश शक्ती गेल्यावर दिसू लागते. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीतले आकडे तर त्याहूनही उशिरा, जवळजवळ तीनचतुर्थांश शक्ती संपल्यावर बिघडतात. तेव्हा वाढलेली तहान ही घरच्या माणसाला मिळणारी पहिली वर्दी. आणि अशा जनावराचे पाणी तोडणे म्हणजे फुटक्या माठात पाणी घालायचेही बंद करणे. मी ते केले होते!

तहान वाढण्याचे हेच एक कारण असते असे मात्र नाही. मधुमेहातही ती वाढते. शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी तहान वाढली, ती मलूल झाली, मागून स्राव दिसू लागला, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. तेथे उद्यावर ढकलणे जिवावर बेतते.

सातने गुणण्याचा हिशेब

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे गणित आपण सर्वजण ऐकत आलो. ते खरे नाही. २०२० साली अमेरिकेत सॅन दिएगोच्या शास्त्रज्ञांनी १०४ लॅब्रेडॉर कुत्र्यांच्या जनुकांवरील वयाच्या खुणा तपासून निराळे गणित मांडले. त्यानुसार एक वर्षाचा कुत्रा माणसाच्या सुमारे ३१ वर्षांच्या बरोबरीचा, चार वर्षांचा ५३ च्या, सात वर्षांचा ६२ च्या आणि बारा वर्षांचा सत्तरीच्या पलीकडे. म्हणजे कुत्र्याची जवानी झपाट्याने येते आणि म्हातारपण रेंगाळते. हे आकडे लॅब्रेडॉरचे. थोराड जातीचे कुत्रे लवकर म्हातारे होते, लहान चणीचे उशिरा. थोराड कुत्र्याच्या सातव्या वर्षापासून आणि लहान कुत्र्याच्या दहाव्या वर्षापासून त्याच्याकडे वडीलधाऱ्याच्या नजरेने पाहावे, हा साधा हिशेब घरी पुरतो.

वयाचे कोणते, रोगाचे कोणते?

खरी मेख येथेच आहे. म्हातारपण हा रोग नाही. पण रोग म्हातारपणाचा शेला पांघरून येतो.

डोळ्यांपासून सुरुवात करू. म्हाताऱ्या कुत्र्याच्या बुबुळात निळसर धुरकट झाक दिसते. पुष्कळदा ती नेत्रभिंग वयाने घट्ट झाल्याची असते. तिने दृष्टी फारशी जात नाही आणि उपचारही लागत नाही. मोतीबिंदू मात्र दुधासारखा पांढरा असतो आणि तो प्रकाश अडवतो. घरी पारख करायची, तर कापसाचा बोळा कुत्र्यासमोर वरून खाली सोडावा. बोळ्याचा आवाज नाही, वास नाही. नजर त्याच्यामागे गेली तर दिसते आहे. डोळा लाल झाला, दुखू लागला, पाणी गळू लागले, तर त्याला वय म्हणू नये.

कानांचे तसेच. पाठीमागे उभे राहून, पायांचा हादरा बसणार नाही अशा बेताने टाळी वाजवावी. कान हलला नाही, तर ते पूर्वीसारखे तुमचे ऐकत नाही ते हट्टाने नाही. अशा कुत्र्याला झोपेत एकाएकी हात लावू नये. दचकून चावते आणि ‘म्हातारपणी खाष्ट झाले’ असा बोल लागतो. काळूशी आम्ही हाताच्या खुणांनी बोलू लागलो. दोन आठवड्यांत तो शिकला.

पाय जड पडणे हे तर म्हातारपणाचे प्रमाणपत्रच समजले जाते. उठताना पुढच्या पायांवर जोर देणे, सकाळी आखडणे आणि चालल्यावर मोकळे होणे, गुळगुळीत फरशीवर मागचे पाय फाकणे ही संधिवाताची लक्षणे. कुत्रे दुखले म्हणून ओरडत नाही. ते जिना टाळते, उडी टाळते, कंबर चाटत बसते. त्यावर चांगली औषधे आहेत. जाण्यायेण्याच्या वाटेवर सतरंजी टाकली, नखे वेळेवर कापली, वजन आटोक्यात ठेवले, तरी अर्धे दुखणे कमी होते. पण माणसांची दुखण्यावरची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होतात.

एकाच पायाने लंगडणे आणि हाडावर सूज हे मात्र वेगळे प्रकरण. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातला झंजीर वाचकांना आठवत असेल. १९९३ च्या स्फोटांच्या वेळी या लॅब्रेडॉरने ३,३२९ किलो आरडीएक्स हुंगून काढले आणि किती माणसांचे प्राण वाचवले याची मोजदाद नाही. १६ नोव्हेंबर २००० रोजी तो हाडाच्या कर्करोगाने गेला. पोलिसांनी त्याला मानवंदना दिली. तेव्हा त्याला नऊ वर्षेही पुरी नव्हती. थोराड कुत्र्याचे लंगडणे ‘मुरगळले असेल’ म्हणून आठवडे काढू नयेत ते यासाठी.

तोंडाला घाण वास येणे, एकाच बाजूने चावणे, तोंडातून घास पडणे ही दातांची तक्रार असते. पुष्कळ कुत्री ‘खाणे सुटले’ म्हणून खंगतात ती केवळ दुखऱ्या दातापायी. रात्रीचा खोकला, थोडक्या चालीने धाप, फुगलेले पोट हे हृदयाकडे बोट दाखवतात. हिरड्या फिक्या पडल्या, ताप आला, नाकातून रक्त आले, तर गोचीडताप आठवावा. आपल्या जंगलपट्टीत गोचिडांना तोटा नाही आणि हा रोग तरण्या-म्हाताऱ्या कोणालाही गाठतो. पण म्हाताऱ्याच्या मलूलपणाची कोणी चौकशी करीत नाही.

शेवटी बुद्धी. काळूच्या अखेरच्या वर्षात तो कधी कधी दाराच्या बिजागरीच्या बाजूला तोंड करून उभा राही, दार उघडण्याची वाट पाहत. माणसांप्रमाणे कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंश होतो. कॅलिफोर्नियातील पशुवैद्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्क्यांत त्याचे एखादे तरी लक्षण आढळले : घरातच वाट चुकणे, दिवसा झोप आणि रात्री येरझारा, ओळखीच्या माणसाशी परकेपणा. तो पुरता बरा होत नाही, पण वेळीच ओळखला तर त्याची चाल मंद करता येते. बुद्धी गेली असे ठरवण्यापूर्वी दुखणे, बहिरेपणा आणि मूत्रपिंडे यांची तपासणी मात्र आधी करावी.

रानाकाठचे म्हातारपण

पुण्या-मुंबईच्या वाचकांना कुत्र्याचे बहिरे होणे ही फार तर गैरसोय वाटेल. आमच्याकडे ते जिवाचे संकट आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत गाव कोठे संपते आणि जंगल कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण. २०२२ साली शहराला लागूनच असलेल्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबट्यांनी माणसांवर हल्ले केले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याची झोप उडाली होती. बिबट्या वस्तीकडे येतो त्याचे एक कारण म्हणजे कुत्रे. नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, जेथे घनदाट रान नाही, उसाची शेते आहेत, तेथे डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के आहार एकट्या पाळीव व भटक्या कुत्र्यांचा निघाला!

तरुण कुत्र्याला चाहूल लागते, ते भुंकते, पळते. बहिऱ्या, अधू पायाच्या, मोतीबिंदू झालेल्या कुत्र्याला यातले काहीच जमत नाही. सिंदेवाहीकडून आमच्याकडे तांदूळ घेऊन येणारे एक म्हातारबा काळूकडे पाहून म्हणाले होते, “बुढा झाला जी तुमचा कुत्रा. आता याले राती आंगनात ठेवाल, त बिबट्याले ताट वाढून ठेवल्यासारखं होते.” त्या दिवसापासून काळूचा मुक्काम घरात हलला. रात्री लघवीला सोडायचे तेही अंगणातला दिवा लावून आणि बरोबर जाऊन.

दुसरी अडचण डॉक्टरांची. गावोगावचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाईबैल, शेळ्यामेंढ्यांसाठी उभे राहिले, आणि ते योग्यच आहे. मोठी तपासणी म्हटली, की नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे डोळे लागतात. चंद्रपूरहून ते दीडशे किलोमीटर. भामरागडहून तीनशेहून अधिक. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडची वाटच बंद! जेथे डॉक्टर दूर, तेथे घरच्या माणसाची नजर अधिक लवकर पोचली पाहिजे. लक्षण आठ दिवस आधी दिसले, तर तेवढे आठ दिवस प्रवासाला मिळतात.

चार आण्यांची वही

आमच्या डॉक्टरांनी औषधाबरोबर एक उपाय सांगितला तो म्हणजे वही. जंगलातली शिकार पकडून देणारी वनखात्याची हुंगणारी कुत्री असतात, त्यांना सांभाळायला एका कुत्र्यामागे दोन माणसे नेमलेली असतात. खाणे, चालणे, अंग सारे रोज त्यांच्या नजरेखाली असते. घरच्या कुत्र्याला पाच माणसे असतात आणि प्रत्येकाला वाटते की दुसरा बघतो आहे.

म्हणून शाळेची एक साधी वही घ्यावी. आठवड्यातून एक वार ठरवावा, आमचा रविवार. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे. थोराड कुत्रे उचलत नसेल, तर गळपट्टा कितव्या भोकात बसतो ते लिहावे. दिवसभराचे पाणी मापून लिहावे. गाढ झोपेत असताना त्याच्या छातीकडे पाहून एका मिनिटाचे श्वास मोजावे. ते तिसाच्या आत असले पाहिजेत. ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहावा. मग मानेपासून शेपटीपर्यंत, काखेत, जांघेत, आणि कुत्री असेल तर स्तनांच्या रांगेवरून हात फिरवावा. गाठ लागली तर तिची जागा आणि आकार लिहावा : हरभऱ्याएवढी की सुपारीएवढी. सगळ्या गाठी वाईट नसतात. पण कोणती वाईट, हे बोटांना कळत नाही. सारे मिळून पंधरा मिनिटांचे काम.

वहीचा उपयोग काय? रोजच्या डोळ्यांना रोजचा बदल दिसत नाही. पुण्याहून सहा महिन्यांनी आलेला आमचा मुलगा दारातच म्हणाला होता, “बाबा, काळू वाळला की हो!” आम्ही रोज पाहत होतो आणि आम्हाला ते दिसले नव्हते. वही ही त्या सहा महिन्यांनी येणाऱ्या मुलाची नजर. शिवाय सहा महिन्यांतून एकदा डॉक्टरांकडे रक्त-लघवीची तपासणी करावी, आणि म्हातारा झाला, कोठे जात नाही, म्हणून रेबीजची लस चुकवू नये.

दिवाळीतले पथ्य

हा अंक हातात पडेल तेव्हा घरोघर फराळाची ताटे भरलेली असतील, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. लाडवातले आणि चिवड्यातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडे बिघडवू शकतात. म्हाताऱ्याची तर आधीच थकलेली. चॉकलेटही विष. तळणीचा भारी घास बाधला, तर स्वादुपिंडाला सूज येते. तेव्हा ‘सणासुदीचे त्यालाही थोडे’ हा लाड साध्या भातावर भागवावा. फटाक्यांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत, पडदे ओढून, ओळखीच्या पांघरुणाशी ठेवावे आणि घरातल्या कोणी तरी जवळ बसावे. बहिरे कुत्रेही हादऱ्याने घाबरते; आणि बुद्धी भ्रमलेले कुत्रे फाटक उघडे मिळाले तर निघून जाते, ते परत यायची वाट विसरते.

औषधे, बेताचे खाणे आणि हवे तेवढे पाणी, एवढ्यावर काळू पुढे पंधरा महिने आमच्याबरोबर राहिला, आणि बरेचसे दिवस सुखाने राहिला. यंदा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, गल्लीतली मुले लाकडी नंदी ओढीत गेली तेव्हा त्याने मान उचलून पाहिले. त्या रात्री तो गेला. मी भांडे उचलून ठेवले होते त्या दोन रात्री आणि उन्हावर ढकललेले ते दोन महिने त्याला मिळाले असते तर आणखी किती जगला असता, हा हिशेब मी वहीत मांडलेला नाही. तो मांडता येत नाही.

धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशी कुत्र्यासाठी देवराजाशी वाद घातला, अशी महाभारतातली कथा आहे. आपल्याला तेवढे मोठे काही करायचे नाही. आज रात्री दिवे मालवण्यापूर्वी आपल्या पांढऱ्या तोंडाच्या सोबत्यापाशी क्षणभर बसावे, त्याचे श्वास मोजावे, अंगावरून हात फिरवावा, आणि उद्या त्याचे पाणी मापावे. मग कोणी विचारलेच, तर खुशाल म्हणावे, “वय झाले हो त्याचे!”